खोबरेल अजून पातळ आहे

पावसाचं भाकीत सांगणारे आपल्याकडे पैशाला पासरीभर. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या मांडणीत काय हललं, काय ढळलं ते पाहून वर्षाचं पाऊसपाणी सांगितलं जातं. पंचांगवाले प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला बेडूक, म्हैस, गाढव असं एकेक वाहन जोडून देतात. कावळ्यानं घरटं शेंड्यावर बांधलं की मधल्या बेचक्यात, यावरून पेरणीचे बेत ठरतात. आणि हे सगळं फसलं तर बोल लावायला हवामान खातं आहेच. थंडीचं मात्र असं कोणी नाही. ती कशावर बसून येते हे पंचांग सांगत नाही, तिच्यासाठी गळा काढणारा पावशा नाही, तिच्या नावानं कुणी घट मांडत नाही. त्यामुळे कार्तिक लागला, तुळशीचं लग्न झालं, आणि तरीही दुपारी चार वाजता पाठीवरून घामाचा ओघळ एखाद्या पेन्शनराच्या निवांतपणानं खाली उतरत असेल, तर माणसानं कौल लावायचा तो कुणाकडे?

आमच्या सोसायटीत याबाबत दोन पक्ष आहेत. तळमजल्यावरच्या काकांचा सिद्धांत असा, की ऑक्टोबर जितका तापेल तितकी थंडी कडक. उष्णता हे त्यांच्या मते थंडीचं तारण आहे. निसर्गानं ते ठेवून घेतलंय आणि डिसेंबरात तो सगळा हिशेब व्याजासकट चुकता करील. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं मत बरोबर उलट. जो पहिल्या तासाला हजर नाही तो पुढे काही दिवे लावत नाही, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं आहे. मौज अशी, की दोघांचा पुरावा एकच: नोव्हेंबर अर्ध्यावर आला तरी रात्री पंखा चारवर ठेवावा लागतो. या एका पंख्याच्या जोरावर काका कडाक्याच्या थंडीची आणि बाई थंडीच्या गैरहजेरीची ग्वाही देतात. काकांना पुण्याचा नीचांक तोंडपाठ आहे, १७ जानेवारी १९३५, १.७ अंश. हा आकडा ते अशा आवाजात सांगतात, की त्या पहाटे दुधाची किटली हातात घेऊन तेच रस्त्यावर उभे होते असं ऐकणाऱ्याला वाटावं. त्यांचा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला, हा तपशील आम्ही कुणी काढत नाही.

खरं सांगायचं तर काकांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. फक्त ते त्यांनी ठेवलंय त्या जागी नाही. मोसमी पाऊस मुंबईतून सरासरीनं ८ ऑक्टोबरच्या सुमारास निघतो आणि मग घाटावरचं आभाळही हळूहळू मोकळं होतं. चार महिने धुऊन निघालेलं हे आभाळ इतकं स्वच्छ असतं, की उन्हाला अडवायला मध्ये कोणीच उरत नाही. जमीन अजून ओली, ती वाफा सोडत असते. वारे पडलेले, कुठल्या दिशेनं वाहायचं याचा त्यांचा निर्णय व्हायचा असतो. म्हणून दुपार भाजते. पण रात्री याच उघड्या आभाळातून जमिनीची ऊब निसटून जाते आणि पहाटेला अंगावर शिरशिरी येते. दिवसाचा ताप आणि रात्रीचा गारवा, दोन्ही कामं एकाच आभाळाची. शरदातल्या पाण्याला आयुर्वेदात हंसोदक म्हटलंय, दिवसा सूर्यानं तापलेलं, रात्री चंद्रानं निवलेलं, अगस्त्याच्या उदयानं निर्मळ झालेलं. त्या जुन्या वैद्यांनी थर्मामीटर पाहिला नव्हता, पण कमाल आणि किमान अशा दोन्ही नोंदी त्यांनी एका पाण्यात करून ठेवल्या होत्या.

घोटाळा होतो तो आभाळ झाकलं गेलं की. आपली थंडी तशी उसनवारीची, ती इथे पिकत नाही. हिमालयात पश्चिमी झंझावात बर्फ पाडून पुढे सरकले, की उत्तरेचे कोरडे वारे उतरत उतरत आपल्यापर्यंत येतात. त्यांच्या वाटेत बंगालच्या उपसागरानं एखादं चक्रीवादळ उभं केलं, की ढग येतात, दमटपणा येतो आणि रात्रीची ऊब घरातच कोंडून राहते. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर फेंगल वादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं आणि इकडे महाराष्ट्रात नुकत्याच बाहेर आलेल्या शाली परत घड्या घालून ठेवाव्या लागल्या. त्याच डिसेंबरच्या ४ तारखेला मुंबईत सांताक्रूझला ३७.३ अंश नोंदले गेले आणि ९ तारखेच्या पहाटे तिथेच १३.७. एकच वेधशाळा, एकच आठवडा. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले, तर कुणीतरी घाईत आकड्यांची फिरवाफिरव केली असावी असा संशय येतो. त्या आठवड्यात लोकलमध्ये एका बाकावर घाम पुसणारा आणि कानटोपीतला असे दोघे शेजारी बसले असतील आणि दोघांचंही बरोबर असेल.

आणि मुळात आपण ज्याची वाट पाहतो तो हिवाळा अजून सुरूच व्हायचा आहे, असं सरकारी म्हणणं आहे. भारतीय हवामान खात्याच्या वहीत हिवाळा म्हणजे जानेवारी आणि फेब्रुवारी, बस्स. ऑक्टोबर ते डिसेंबर हे तीन महिने पावसाळ्यानंतरचे म्हणून एका रकान्यात टाकलेले. २०२४ चा ऑक्टोबर १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण ऑक्टोबर ठरला, सरासरीपेक्षा जवळजवळ सव्वा अंशानं जास्त, तेव्हा खात्यानं हेही सांगून टाकलं, की नोव्हेंबरला आम्ही हिवाळ्यात धरत नाही. मला हे वाचून फार बरं वाटलं. इतकी वर्षं दिवाळीनंतर आम्ही ज्याच्यावर रुसत आलो, तो बिचारा उशीर करत नव्हताच. त्याचं निमंत्रणच जानेवारीचं होतं. पुण्यात तर या खात्याशी आमचा जुना घरोबा. १९२८ साली त्याचं मुख्यालय शिमल्याहून शिवाजीनगरला उतरलं. पुढे ते दिल्लीला गेलं, पण इमारतीला नाव राहिलं ते शिमला ऑफिस. नोव्हेंबरातल्या तापलेल्या बसमध्ये कंडक्टर ‘शिमला ऑफिस, शिमला ऑफिस’ असा पुकारा करतो, आणि मानेवर ओला रुमाल टाकलेली चारदोन माणसं निमूटपणे शिमल्याला उतरतात.

दिवाळी मात्र थंडीतच असायची, असं माझ्या पिढीतला कुणीही छातीवर हात ठेवून सांगेल. आठवणीतली प्रत्येक नरकचतुर्दशी अंगावर काटा आणणारी आहे. बंबात लाकडं पेटलेली, त्याच्या नळीतून येणाऱ्या धुराला उटण्याचा वास चिकटलेला, दगडी न्हाणीघरात उघड्या अंगानं बसलेले आम्ही दातावर दात आपटतोय आणि कोणीतरी वडीलधारं माणूस तेल जिरवण्याच्या नावाखाली पाठीवर जुनी बाकी वसूल करतंय. पायाखाली कारीट फोडताना अंगठा बधिर झालेला असायचा, हे मला शपथेवर आठवतं. पण पंचांगाला असल्या शपथा मान्य नाहीत. अधिकमासाच्या येण्याजाण्यानं दिवाळी मागेपुढे सरकत राहते. २०२३ मध्ये नरकचतुर्दशी १२ नोव्हेंबरला होती, २०२५ मध्ये २० ऑक्टोबरला. म्हणजे लहानपणीही निदान काही दिवाळ्या अशाच चिकचिकीत गेल्या असणार, बंबाचं पाणी नकोसं झालं असणार, उटणं घामात कालवलं गेलं असणार. त्या दिवाळ्या कुठे गेल्या? आठवणींची निवड करणारा जो कुणी आत बसलेला आहे, त्यानं त्या परस्पर नापास केल्या. हल्ली कोजागरीचं दूधही आमच्या गच्चीवर फ्रीजमधून काढून प्यायलं जातं. तीसएक वर्षांनी आमची मुलं तीही रात्र गारठलेली होती असंच सांगतील, याबद्दल मी निर्धास्त आहे.

हवामान खात्याच्या वहीवर माझ्या आईचा विश्वास नाही. तिची वेधशाळा न्हाणीघराच्या खिडकीत आहे. तिथे खोबरेल तेलाची बाटली असते. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, हे तिला कुणी शिकवलेलं नाही आणि सांगितलं तर आवडणारही नाही; पण सकाळी उठल्यावर ती बाटली उचलते, तिरपी करते, उजेडाकडे धरून पाहते आणि एका वाक्यात बातमीपत्र देते. ‘अजून पातळच आहे.’ बाटलीच्या तळाशी पहिला पांढुरका ढग दिसला, की त्या दिवशी डिंकाच्या लाडवांची यादी निघते, बाजरीचं पीठ दळून येतं, आणि माळ्यावरची ट्रंक खाली उतरते, जिच्यात आमचे स्वेटर डांबराच्या गोळ्यांच्या पहाऱ्यात असतात. तेल पातळ आहे तोवर यातलं काहीही होणार नाही. माझा भाचा टोरांटोला असतो. तो फोनवर उणे पंधरा सांगतो, उणे वीस सांगतो, आणि आई विचारते, ‘अरे पण तेल गोठलं का?’ तो म्हणतो, घरात हीटर असतो गं आजी, घरात चांगलं ऊबदार असतं. मग आईच्या लेखी ती थंडी संपली. त्यांच्याकडची थंडी दाराबाहेर बूट काढून उभी राहते, असं तिचं मत. आपली आत येते, फरशीवर बसते, अंथरुणात पाय घालते, तेलाच्या बाटलीत शिरते. आणि एकदा आली, की तिला उन्हात नेऊन ठेवावं लागतं. अंगणात किंवा गॅलरीत, वाटीत, पितळी झाकणात, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे, आणि पातळ होईपर्यंत एका माणसानं कावळ्यांवर लक्ष ठेवत शेजारी बसायचं. लहानपणी हे काम माझ्याकडे होतं. इतकं सन्मानाचं आणि इतकं बिनकष्टाचं पद मला त्यानंतर मिळालेलं नाही.

या दिवसांत मला सर्वांत जास्त कणव वाटते ती स्वेटरवाल्यांची. दिवाळी झाली की ठरल्या फूटपाथवर तिबेटी लोकांचे ठेले लागतात. त्यांच्यातले कितीतरी जण कर्नाटकातल्या वसाहतींमधून आलेले, माल लुधियानाचा, आणि खपवायची ती पुण्याची थंडी, जी अद्याप पोहोचलेली नाही. भर उन्हात, तापलेल्या ताडपत्रीखाली, लोकरीच्या ढिगाऱ्यात माणसानं दिवसभर बसायचं म्हणजे केवढी श्रद्धा लागत असेल! परवा एक बाई स्वेटरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यानं वारा घेत बसल्या होत्या. मी नुसताच रेंगाळलो तर त्यांनी मफलर पुढे केला. मी आभाळाकडे बोट दाखवलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘आयेगा भैया, थोडा लेट है.’ रेल्वेच्या चौकशी खिडकीवरही इतक्या आपुलकीनं कधी कुणी मला हे वाक्य ऐकवलेलं नव्हतं. मी मफलर घेतला. घरी येईपर्यंत तो हातात धरला तिथे तळहात ओला झाला होता.

झाडापाखरांचं बरं असतं. ती कुणाच्या भरवशावर बसत नाहीत. नदीकाठी धोबी पक्षी कधीचे शेपूट हलवत फिरू लागलेत. ते पारा पाहून निघत नाहीत, दिवस किती लहान झाला ते पाहून निघतात, आणि सूर्य आजवर कधी लेट झालेला नाही. सातवीण ठरल्याप्रमाणे फुलली आणि संध्याकाळी सातनंतर आख्ख्या गल्लीचं डोकं दुखवून गेली. बुचाची लांब देठांची फुलं सकाळी रस्त्यावर पडतात, झाडूवाल्या मावशी ती एकीकडे लोटतात, त्यातली दोन आपल्या अंबाड्यात खोचतात. खरी वाट पाहायची वेळ येते ती आंब्यावर आणि आंबेवाल्यावर. हापूसच्या फांदीला गारठा लागल्याशिवाय मोहोराची आठवण होत नाही. नोव्हेंबर-डिसेंबर असेच कोमट गेले तर देवगड-रत्नागिरीकडे झाडं नुसती पालवी फोडत बसतात, आणि मोहोर लांबला म्हणजे आंबा लांबला, आंबा लांबला म्हणजे चढ्या भावाचे पहिले आठवडे हातचे गेले. निफाडच्या द्राक्षवाल्याचं दुखणं आणखी नाजूक. ऑक्टोबरातली छाटणी उरकून तो बसलेला असतो. थंडी नाही, वर ढग आले तर रोग, आणि थंडी फारच झाली तर मणी फुगायचे थांबतात म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या. आम्ही शहरातले लोक थंडी पडत नाही म्हणून हळहळतो ते हुरडा पार्टीच्या तारखेसाठी, हे त्याच्यासमोर बोलायची माझी हिंमत नाही.

पण मी सांगत होतो काकांचं. त्यांच्याकडे एक स्वेटर आहे, विटकरी रंगाचा, काकूंनी विणलेला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी विणल्यामुळे त्याची डावी बाही उजवीपेक्षा चांगली चार बोटं लांब आहे, आणि गळा असा, की काकांचं डोकं त्यातून बाहेर येताना प्रत्येक वेळी थोडं चकित झालेलं दिसतं. दिवाळी संपली की दुसऱ्या दिवसापासून पहाटेच्या फेरीला काका तो घालून निघतात. हवा कशीही असो. मी दूध आणायला खाली उतरतो तेव्हा त्यांचं दार उघडं असतं आणि ते आतल्या दिशेला तोंड करून मोठ्यानं म्हणत असतात, ‘आज बरीच गार आहे गं हवा, बरं झालं घातला ते.’ मग गेट ओलांडतात, कोपऱ्यावरच्या औदुंबराआड जातात, स्वेटर काढतात, कमरेला बांधतात आणि सुटलेल्या कैद्यासारखे ताडताड चालू लागतात. परतताना औदुंबरापाशी पुन्हा थांबणं, पुन्हा ते चकित होणं, आणि मग कपाळावरचा घाम पुसून घरात प्रवेश. एकदा आमची नजरानजर झाली. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं नाही, काही सारवासारवही केली नाही. एवढंच म्हणाले, ‘थंडी पडणार हो यंदा. पडायलाच पाहिजे.’ कडाक्याच्या थंडीचा तो सिद्धांत ते इतक्या हट्टानं का मांडतात, हे त्यानंतर मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. मुख्याध्यापिकाबाईंनाही ते ठाऊक असावं, कारण काकू जिन्यात असल्या की त्या आपलं मत मांडत नाहीत.

गेल्या वर्षी थंडी आली ती अखेर आलीच. आईची बाटली तळापासून गळ्यापर्यंत पांढरी झाली, वेण्णा तलावाकाठच्या हिमकणांचा फोटो पेपरात नेहमीच्या जागी छापून आला, सगळी सोसायटी एकमेकांना ‘काय थंडी आहे हो’ असं तक्रारीच्या सुरात आणि समाधानाच्या चेहऱ्यानं सांगू लागली. आणि काका घरात. छातीला गारवा बाधतो म्हणून डॉक्टरांनी ऊन चांगलं वर येईपर्यंत बाहेर पडायचं नाही असं बजावलेलं. दहा वाजता ते अंगणात खुर्ची टाकून बसायचे, तेव्हा उन्हात स्वेटरची गरज नसायची. मी विचारपूस करायला गेलो तर म्हणाले, ‘एवढी थंडी म्हणजे उन्हाळा जबर जाणार बघा.’ झालं. काकूंनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मला तुळशीबागेतून पांढरा सुती दोरा आणायला सांगितला. क्रोशाची उन्हाची टोपी करायची ठरली. काका झोपलेले होते म्हणून मापाला डोकं माझं घेतलं, आणि मापाचं एकदा झाल्यावर टोपीही माझीच झाली.

ती मार्चमध्ये व्हायची होती. मध्ये त्यांचा हात दुखावला, मग दोरा कमी पडला, मग पाऊस आला. गणपतीत ती पुरी झाली आणि मी ती कौतुकानं कपाटात ठेवून दिली. आता गेले काही दिवस दुपारी शिमला ऑफिसला जायचं तर मी तीच घालतो. कानांवरून थोडी घसरते, पण उन्हाला चांगली आहे. काल काकूंनी खिडकीतून मला पाहिलं आणि हाक मारून विचारलं, ‘वेळेवर झाली की नाही?’